मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: आई-आबांना पत्र

ती. आबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

आबा, तुम्ही नकाशावर पट्टी ठेवून विमानाचा रस्ता आखलाय म्हणे. दादा फोनवर हसत होता. अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक, मग आडवी अमेरिका. पण त्या वाटेनं विमान येत नाही. चिनूचा पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर ताणा. दोरा उत्तरेलाच पळतो: हिमालय, चीन, सायबेरिया, आर्क्टिक समुद्र आणि अलास्कावरून खाली इकडं. हे झालं साधारण १३,५०० किलोमीटर. ताशी ९०० धरले तर १५ तास.

दोऱ्याबरहुकूम कुणी उडवत नाही, ते सोडा. तिबेटचं पठार वैमानिक शक्यतो टाळतात. आतला हवेचा दाब गेला तर विमान झटक्यात १०,००० फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, आणि तिथं जमीनच त्याहून उंच!

वाऱ्याचं गणित तर आणखी भारी. एअर इंडियानं २०१६ मध्ये दिल्लीहून इकडं येणारं विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून आणायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटरच्या आसपास गेलं, वेळ मात्र घटून साडेचौदा तासांवर आला. विमान उडतं त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वाहतो, तो पाठीशी मिळाला. म्हणून तुमच्या वहीतले किलोमीटर आता बाजूला ठेवा आणि तास मोजा.

तासांतही एक मेख आहे. शेजारचे काका म्हणतात, दुबईला उतरा, आईचे पाय मोकळे होतील. मुंबई-दुबई जेमतेम तीन तास. पाय अजून आखडलेलेसुद्धा नसतात. पुढं दुबई ते सॅन फ्रान्सिस्को सलग सोळा तासांच्या आसपास! मग थांबून मिळवलं काय? लंडनवरून आलात तर मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, नऊ-दहा तास. तिथनं इकडं ८,६०० किलोमीटर, अकरा तास. आईच्या गुडघ्यांसाठी माझं मत लंडनला. तिकीट थोडं महाग पडलं तरी चालेल. लंडनच्या विमानतळावर व्हीलचेअर लागेल, ती तिकिटासोबतच सांगून ठेवतो. आई, लाजू नकोस, तिथं चालणं फार असतं.

घड्याळाचं म्हणशील तर, ऑक्टोबरात आम्ही तुमच्या साडेबारा तास मागं असतो. सकाळी सातला मुंबई सोडलीत आणि थांब्यासकट तेवीस तास लागले, तरी इथं त्याच तारखेचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. त्या दिवसाचा उपवास असेल तर कधी सोडायचा ते तूच ठरव, मला विचारू नकोस.

कोल्हापूर-मुंबईचं मात्र ऐका. त्याच दिवशी उजळाईवाडीहून विमानानं निघून पुढचं विमान गाठायचा हट्ट नको. दोन रात्री आधी महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघा, दिवसभर मावशीकडं आराम करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळावर.

अंबाबाईचं नवरात्र झाल्यावरचीच तारीख बघतोय. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो दादाला पाठवायला सांगा. आईचं नाव तिकिटावर पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न् अक्षर घालावं लागतं.

तुमचा,
बाळू