व्हिसाला चालतो, आजाराला नाही

संपादक महोदय,

उन्हाळी परदेश सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या दैनिकात रोज दिसतात. बहुतेकींत 'विम्यासह' असे ठळक छापलेले असते. त्या एका शब्दाबद्दल हे पत्र.

मला अकरा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. आजार उसळला की दिवसातून दहा-बारा वेळा धावावे लागते आणि शौचातून रक्त जाते. शांत असला की मी चारचौघांसारखाच. रोज मेसालामाइनच्या गोळ्या आणि पोह्यांवरची तर्री बंद, एवढेच. (नागपूरकराला ही शिक्षा केवढी, ते नागपूरकरच जाणे.)

मुलगी जर्मनीत असते. नातू झाला म्हणून मे महिन्यात तीन आठवडे जायचे ठरले. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ओळखीचा एजंट लॅपटॉप घेऊन घरी आला. 'पूर्वीपासूनचा काही आजार?' या प्रश्नावर मी 'हो' सांगितले. त्याने बटण दाबले आणि पडद्यावर लाल अक्षरे आली, ही पॉलिसी आपल्याला देता येणार नाही. कोणता आजार, किती वर्षांचा, शेवटचे भरती कधी झाला होतात, एका शब्दानेही विचारणा नाही. एजंट हसला. "काकाजी, 'नाही' करून टाकू ना. कोण पाहते जी तिकडे?"

पाहतात. दावा गेला की आधी तेच पाहतात. तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे कोणी सांगावे लागत नाही.

दुसऱ्या एका कंपनीने 'हो' लिहूनही पॉलिसी दिली. रात्री चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली, तर जुन्या आजारातून उद्भवणारा सगळा खर्च वगळलेला. म्हणजे ३०,००० युरोंचा कागद पाहून व्हिसावाले खूश. मी मात्र जिथे विमा नको तिथे विमाधारक आणि जिथे हवा तिथे उघडा. तिकडे काही बाधून साधी हगवण लागली, तरी ती जंतूंची की कोलायटिसची यावरून वाद होणार. शौचाची तपासणी केल्याशिवाय डॉक्टरांनाही ते छातीठोक सांगता येत नाही. आणि निघायच्या आठवड्यात आजार उसळला, तर तिकिटाचे पैसेही त्याच कलमात बुडाले.

ब्रिटनमध्ये असा विमा घेताना रुग्णाला प्रश्न विचारतात : गेल्या काही महिन्यांत भरती झाला होतात का, शस्त्रक्रिया झाली का, औषध बदलले का. उत्तरे पाहून हप्ता वाढवतात. वाढवा ना! मी दुप्पट भरायला तयार आहे. धंतोलीतल्या माझ्या डॉक्टरांचे पत्र तयार आहे : जानेवारीत कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) केली, सूज नाही, प्रवासास हरकत नाही. ते जोडायला फॉर्मात जागाच नाही.

विमा नियामकाने २०२४ मध्ये आरोग्य विम्यात जुन्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतची कमाल प्रतीक्षा ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आणली. चांगलेच केले. पण २१ दिवसांच्या पॉलिसीला त्याचा काय उपयोग? प्रवास विम्याच्या फॉर्मात 'हो' नंतर पुढचे चार प्रश्न विचारणे नियामकाने कंपन्यांना सक्तीचे करावे. खरे बोलणाऱ्याला निदान हप्त्याचा आकडा तरी कळेल.

तोवर निम्म्या गोळ्या माझ्या हातबॅगेत, निम्म्या सौ.च्या पर्समध्ये, डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत आणि विमानात शौचालयाजवळची कडेची सीट, एवढी तयारी मी केली आहे. दवाखान्याची वेळ आलीच तर बिल जावई भरणार म्हणतात. सासऱ्याला ते किती जड जाते, हे कोणत्याही फॉर्मात विचारत नाहीत.

एक निवृत्त बँक कर्मचारी,
प्रतापनगर, नागपूर