मनू, त्या क्लबला हो म्हण
मनू,

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धा सोडून फुटबॉल क्लबची स्ट्रेंथ कोच झाले तर लोक म्हणतील हिला जमलं नाही म्हणून पळाली, असं म्हणालीस ना, अगं म्हणू दे, चाळीच्या गॅलरीत उभं राहून बोलायला काय पैसे पडतात?

तुला लू रिकी माहितेय का? न्यू ऑर्लिन्सचा लिफ्टर, 1964 साली स्नॅचचा (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचा) वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा चाळिशीला टेकलेला होता, त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकलाही गेला आणि पुढे सत्तरच्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सचा स्ट्रेंथ कोच झाला. त्यांचं फुटबॉल म्हणजे आपलं कूपरेजवरचं नव्हे, हेल्मेट घालून धडकतात ते. तेव्हा बऱ्याच कोचना वजनांची भीतीच वाटायची, म्हणे अंग आखडतं, प्लेयर स्लो होतो (आपल्याकडे अजून म्हणतात!). स्टीलर्सनी 1974 ते 1979 या सहा सीझनमध्ये चार सुपर बोल, म्हणजे तिकडच्या लीगच्या फायनल, मारले. आता सगळं रिकीमुळे असं मी म्हणणार नाही, टीमच तशी दांडगी होती, पण बार कसा धरायचा हे शिकवायला ज्याने तो स्वतः डोक्यावर नेलाय असा माणूस होता त्यांच्याकडे. तुझ्या नडग्या बारने सोलवटलेल्या दिसतात ना, पोरं तुझंच ऐकतील बघ.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो उचलायचा ते वजन भराभर वाढलं तेव्हा सगळे म्हणाले आयसोमेट्रिकची कमाल, म्हणजे रॅकमधल्या न हलणाऱ्या बारला काही सेकंद जीव खाऊन रेटायचं, आणि लोक ते रॅक विकत घेत सुटले, नंतर कळलं की अमेरिकन लिफ्टिंग टीमचा डॉक्टर झीग्लर त्याला डायनाबॉलच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्याही देत होता. तेव्हा बंदी नव्हती, आता आहे. तेव्हा पोरांनी विचारलं ना, ताई ही पावडर चालेल का, तर आधी डबा मागव आणि टीम डॉक्टरला दाखव.

आणि त्यांना लिफ्टर करायला जाऊ नकोस, नव्वद मिनिटं पळायचंय त्यांना. स्क्वॉट नीट बसव, हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीच्या मागचे स्नायू) नॉर्डिकचा व्यायाम घे, मॅचच्या आदल्या दिवशी पाय थकवायचे नाहीत.

सही करायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट मला व्हॉट्सॲप कर, सीझन संपल्यावरच्या महिन्यांचा पगार धरलाय का ते बघायचंय मला.

बाबा