बांधावरचे औषध आणि नोंदवहीतले नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या औसा तालुक्यात घरोघर सर्दी-खोकला सुरू होतो आणि मोबाइलवर काढ्यांच्या कृती फिरू लागतात. अडुळसा, गुळवेल, ओवा, हळद, सारे काही त्यांत असते. नसते ते फक्त हे ज्ञान जिने जपले तिचे नाव. त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

माझी चुलत आजी गावात औषध देत असे. तिला अक्षरओळख नव्हती. अडुळशाचे पान नुसते वाटले तर धड रस सुटत नाही, म्हणून सात-आठ पाने ओल्या फडक्यात घट्ट गुंडाळून ती चुलीतल्या गरम राखेत ठेवायची. पाने मऊ पडून काळपट झाली की फडके पिळायची आणि वाटीत जेमतेम दोन चमचे उतरणारा तो कडूजहर रस मधात कालवून समोर बसवूनच चाटवायची. ग्रंथांत या कृतीला पुटपाक म्हणतात, हे मला शिक्षिका झाल्यावर कळले. अडुळशातील व्हॅसिसीन या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, हे तर त्याहूनही उशिरा वाचले.

औषधाला पाला आणायचा असेल तर आजी आदल्या संध्याकाळी झाडाशी जाऊन सुपारी आणि चार अक्षता ठेवून यायची. त्याला ती 'आवतण देणे' म्हणायची. दिवेलागणीनंतर पान तोडू द्यायची नाही आणि जिथे पानावर भागते तिथे मुळाला हात लावू द्यायची नाही. पैसे घेतले की हाताचा गुण जातो, अशी तिची पक्की श्रद्धा होती. गुण आलेल्या घरांतून मात्र वेळा अमावस्येला शेतातली पूजा आटोपल्यावर भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीचे बिंदगे तिच्या ओसरीवर न चुकता पोहोचायचे. कोणी आभाराचा शब्द उच्चारल्याचे मला आठवत नाही; तो डबाच सारे काही सांगत असे.

आजीला आपल्या औषधाची मर्यादाही ठाऊक होती, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. साप चावलेल्या एका गड्याला लोकांनी तिच्या दारात आणले, तेव्हा तिने पाल्याला हातही लावला नाही. "हे माज्या हातचं न्हाई, आधी लातूरला न्या," एवढेच ती म्हणाली आणि गाडी निघेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. सर्पदंशावर प्रतिविषाची लसच लागते. कावीळ किंवा न उतरणारा ताप असताना काढ्यांवर दिवस घालवणे जिवावर बेतू शकते. जुन्या ज्ञानाचा मान राखण्यात हे भान राखणेही आलेच.

असे ज्ञान कागदावर नसले तर काय होते, हे हळदीच्या प्रकरणात देशाने पाहिले आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात आणि जखमेवर हळद दाबायला आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पण त्यासाठी जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून मांडावे लागले. घराघरांतल्या आज्यांची साक्ष तिथे पुरेशी नव्हती. त्यानंतर उभे राहिलेले पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालयही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर आधारलेले आहे. जे केवळ तोंडी चालत आले, त्याची नोंद गावानेच करायची आहे.

त्याची सोय कायद्यात आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. आमच्या गावची नोंदवही मी मागून घेऊन पाहिली. वनस्पतींची यादी व्यवस्थित आहे, परंतु जाणकारांच्या पानावर दोन पुरुषांची नावे आहेत आणि बाईचे एकही नाही. बाळंतिणीचे, तान्ह्या लेकराचे, खोकल्या-पोटदुखीचे औषध ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी दिले, तिथे हे असे व्हावे, याचे मला फार वाईट वाटले.

दुसरीकडे ती झाडेच दिसेनाशी होत आहेत. सोयाबीनमध्ये तणनाशक फवारताना पंपाचा फवारा बांधावरही फिरतो आणि आघाडा, माका, टाकळा एका आठवड्यात पिवळे पडून जळतात. मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातली असल्याने त्याला दोष देणार नाही. पण बांध तरी फवाऱ्यातून वगळता येईल. करोनाच्या काळात आमच्या ओढ्याकाठच्या कडुलिंबांवरून गुळवेलीचे वेल मुळासकट ओढून नेले गेले, त्यांतले निम्मे लिंब अजून मोकळेच आहेत. वेलाचा बोटभर जाड तुकडा पावसाळ्यात जमिनीत खोचला तरी तो फुटतो. काढा प्यायलेल्या प्रत्येक घराने एवढे केले तरी आवतण दिल्यासारखे होईल.

ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की येत्या ग्रामसभेत नोंदवही वाचून दाखवावी आणि गावातल्या जाणत्या बायकांची नावे त्यांच्या संमतीने त्यात घालावीत. एखादीला आपले औषध सांगायचे नसेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नये, नुसते नाव लिहावे. आजी आज हयात नाही. तिच्या नावाचा अर्ज मी मागच्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीकडे दिला असून पोच माझ्याकडे आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
ता. औसा, जि. लातूर