केसपेपरवर नुसतं ‘मजुरी’ लिहू नका : कामगारमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला मुलांचा गोष्टींचा वर्ग घेते. गेल्या वर्षी आम्ही सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहून आलो आणि त्या दगडांच्या नादात मुलांनी एक राज्य रचलं. जमिनीखाली राहणारी कमरेएवढी माणसं, खाणीतून चमकते दगड काढणारी, त्यांचे दिवे घडवणारी. गोष्टीत संकट हवं म्हणून मुलांनी त्यांना एक आजार दिला : गारधाप. दगडाची भुकटी छातीत बसते, तिथेच थिजते आणि माणूस आतून हळूहळू दगड होत जातो. रात्री आजाऱ्याची छाती मंद चमकते. वैद्याला चमक दिसते, औषध मात्र सापडत नाही.

सातवीतला एक मुलगा वही मिटून म्हणाला, “ताई, चमकत नाही. माझ्या पप्पांना हेच झालंय. एक्सरेत नुसतं पांढरं दिसतं.”

साहेब, त्याचे वडील ग्रॅनाइटचे मिस्त्री आहेत. वीस वर्षं नव्या इमारतींमध्ये स्वयंपाकाचे ओटे बसवताहेत. मी त्यांचं काम पाहायला पाथर्डी फाट्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये गेले. आता त्यांना जिना एका दमात चढवत नाही, त्यामुळे मापं ते घेतात आणि कटिंग भाचा करतो. भाचा एकोणीस वर्षांचा. सिंकच्या जागेवर त्यानं पेन्सिलीनं चौकोन आखला, तोंडाला रुमाल बांधला आणि ग्रायंडर लावला. शेजाऱ्यांची धुळीबद्दल तक्रार, म्हणून खिडकी बंद. दोन मिनिटांत समोरची भिंत दिसेना. मशीन थांबलं तेव्हा पोराच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि रुमाल काढला तर नाकाखालीही पांढरंच. पाणी मारून का कापत नाही, असं मी विचारलं. “ओट्याखालचं प्लाय फुगतं आणि मशीनला करंट येतो,” मिस्त्री म्हणाले. त्यांचं खोटं नाही. हेच कटिंग खाली दुकानात, पाण्याच्या मशीनवर होऊ शकतं. पण त्यात फेरी वाढते आणि फेरीचे पैसे कुणी देत नाही.

या आजाराचं खरं नाव सिलिकोसिस. ग्रॅनाइटमध्ये गारेचा, म्हणजे स्फटिकी सिलिकेचा अंश भरपूर असतो; हल्ली ज्याची हौस वाढली आहे त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात तो बहुधा नव्वद टक्क्यांच्या वर. त्यातला सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाही आणि रुमालानं अडत नाही. फुफ्फुसात त्याचे व्रण होतात, ते भरून येत नाहीत. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आणि हे दुखणं आजचं नाही. 1556 साली छापलेल्या खाणकामाच्या ग्रंथात ॲग्रिकोला या जर्मन विद्वानानं लिहून ठेवलंय, की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ सात-सात नवरे गमावलेल्या बायका होत्या.

मिस्त्रींना आधी सहा महिने टीबीची औषधं दिली. थुंकीत काही निघालं नव्हतं. सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका जास्त असतो, हे मला कळतं, म्हणून डॉक्टरांवर माझा राग नाही. राग आहे तो केसपेपरवरच्या एका शब्दावर. व्यवसाय : मजुरी. दगड कापतो, कोरडा कापतो, बंद खोलीत कापतो, यातलं काहीच कुणी लिहिलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

1948च्या कारखाने अधिनियमापासून हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. पण कारखान्यात मालक असतो, हजेरीपट असतो. फ्लॅटमध्ये मिस्त्रीचा मालक कोण? बिल्डर, ठेकेदार, इंटिरिअरवाला, की ओटा हवा असलेली माझ्यासारखी बाई? बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या घरात, परवा त्या घरात, असं काम करणाऱ्याला तो मिळवताना नाकीनऊ येतात. राजस्थाननं 2019 मध्ये धोरण आणलं : प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला 3 लाख रुपये, मृत्यूनंतर घरच्यांना 2 लाख. पैशांनी फुफ्फुस परत येत नाही, पण निदान तिथे त्या माणसाच्या हातात आजाराचं नाव असलेला कागद तरी पडतो.

आमच्या नाशिकलाही तो कागद मिळू द्या. जिल्ह्यात सिलिकोसिसचं निदान करून प्रमाणपत्र देणारं मंडळ नेमा. मिस्त्री, घिसाईवाले, फाउंड्रीत वाळूचं काम करणारे, सगळ्यांना तिथे दार उघडं असू द्या. राहत्या इमारतीत कोरडं कटिंग बंद करा आणि त्याची जबाबदारी ठेकेदारावर टाका, पोरावर नको. केसपेपरवर नेमकं काम लिहायला लावा.

त्या भाच्याचा एक्सरे अजून एकदाही काढलेला नाही. आपण तपासणीची तारीख जाहीर करा, मी स्वतः त्याला घेऊन येते.

आपली,
गोष्टींच्या वर्गाची ताई, नाशिक