मंत्रीसाहेब, कटऑफ पुरे झाला, पोरं पुढं कमावतात किती ते सांगा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीचा, सीझन आला की आम्हा पालकांचं एकच काम, मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडायची, कुठलं कॉलेज कितीला क्लोज झालं बघायचं आणि त्याच क्रमाने ऑप्शन फॉर्म भरायचा. पर्सेंटाइल जास्त म्हणजे कॉलेज भारी. पण त्यातून कळतं काय, तर आत येणारी पोरं मुळातच हुशार होती. चार वर्षांत कॉलेजने काय दिलं ते कुठंय?

मग बघायचं पॅकेज. गेटवर फ्लेक्स, टॉपरचा फोटो, खाली 'हायेस्ट पॅकेज'. अहो तो एक पोरगा! एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगसाठी कॉलेजं मेडियन सॅलरी, म्हणजे पगार क्रमाने लावले की बरोबर मधला, देतात, पण ती फक्त प्लेसमेंट झालेल्यांची आणि आकडा भरणार कॉलेजच. समजा ६० ची बॅच आहे, २१ जणांना नोकरी लागली, तर मेडियन म्हणजे त्या २१ मधला अकरावा, उरलेले ३९ त्या आकड्यात नाहीतच. किती प्लेस झाले, किती पुढं शिकायला गेले हेही त्याच फॉर्ममध्ये असतं, पण ते फ्लेक्सवर कोण छापतंय. त्यात पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ग्रॅच्युइटी बोनस सगळं धरून फुगवलेला, हातात पडतो तो पगार वेगळाच.

अमेरिकेत डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली दाखवलं की ज्यांना मोठ्या नावाच्या कॉलेजात ॲडमिशन मिळत होती तरी जी पोरं साध्या कॉलेजात गेली, ती पुढं कमाईत फारशी मागं पडली नाहीत. अपवाद कमी उत्पन्नाच्या घरातल्यांचा, त्यांना मोठ्या कॉलेजचा फायदा झाला. आणि अर्थतज्ज्ञ झिमरमनचा २०१४ चा अभ्यास तर फ्लोरिडातल्या अशा सरकारी विद्यापीठाचा जिथं प्रवेशाची अट तिथल्या सरकारी विद्यापीठांत सगळ्यात सैल, तिथं कटऑफच्या काठावर आत आलेले काठावर बाहेर राहिलेल्यांपेक्षा साधारण २२ टक्के जास्त कमावत होते. म्हणजे ज्या कॉलेजला आपण नाकं मुरडतो तेच एखाद्याचं नशीब बदलत असेल, पण आपल्याकडे ते कळायला आकडाच नाही.

आणि हे झालं इंजिनिअरिंगचं. बीए, बीकॉमवाल्यांना तर पॅकेजचा खोटा फ्लेक्ससुद्धा नशिबात नाही.

मागणी साधी आहे. पास होऊन ३ आणि ५ वर्षांनी त्या बॅचची कमाई काय, कोर्सनुसार, प्रवेशाच्या वेळच्या मार्कांच्या गटानुसार, आणि बेकार किती तेही. नावं नकोत, फक्त सगळ्यांचा एकत्रित आकडा. पीएफचा डेटा केंद्राकडे आहे, मागून घ्या. २० पेक्षा कमी माणसं असलेल्या बऱ्याच ठिकाणी पीएफ नसतो, स्वतःचा धंदा करणारेही सुटतील, तिथं विद्यापीठाने सॅम्पल घेऊन फोन करावेत, नॅकच्या मूल्यांकनासाठी माजी विद्यार्थी बरोबर सापडतात की त्यांना. अमेरिकेच्या सरकारने २०१५ पासून कॉलेजवार कमाई वेबसाइटवर टाकलीय, तीही सरकारी मदत घेतलेल्या पोरांचीच, अर्धवटच, पण टाकली.

सुरुवात शासकीय कॉलेजांपासून करा, तिथं कुणाची परवानगी लागत नाही. आणि जमलं तर तो आकडा प्रवेश चालवणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर कटऑफच्या शेजारच्याच कॉलममध्ये द्या, वेगळ्या पीडीएफमध्ये टाकलात तर कुणी उघडणार नाही.

आपला,
ऑप्शन फॉर्म भरत बसलेला एक पालक