अस्वलाच्या पलंगाखालचा पतंग

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयात पुस्तकं बदलायला येतो तेव्हा तुमच्याशी हे बोलायचं कितीदा मनात येतं. पण टेबलाशी मागे रांग असते, तुमचा हात नोंदवहीत असतो आणि माझं ‘थँक्यू ताई’ तिथल्या तिथे संपतं. म्हणून लिहायला बसलो. उघडपणे लिहितोय, कारण दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे जे मागायला आलो होतो तेच मागायला अजूनही कुणी ना कुणी आई-बाबा बालविभागात येत असतात. गेल्या महिन्यात माझ्यापुढच्या गृहस्थांनी जवळजवळ माझ्याच शब्दांत विचारलं, तेव्हा मला गलबलून आलं.

माझे शब्द होते, ‘खोटं बोलू नये, असं शिकवणारं चित्रांचं पुस्तक आहे का?’

लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. तिच्या प्रत्येक खोडीवर मी एक पुस्तक आणत होतो. ती चावली की चावण्यावरचं, खेळणं दिलं नाही की वाटून घेण्यावरचं. औषधाचा डोस द्यावा तसं, रोज रात्री झोपताना एक. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, ‘मग, काय शिकलो आपण?’ सुरुवातीला ती मला हवं ते उत्तर द्यायची. पुढे ती नुसती पुटपुटायला लागली. मग शेवटचं पान जवळ आलं की कूस बदलून भिंतीकडे तोंड करायला लागली. एका रात्री मी पुस्तक उघडायच्या आतच तिनं ते हातानं लोटलं आणि म्हणाली, ‘हे नको. हे पुस्तक मला रागावतं.’

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, मला बोल लावला नाहीत. पेन खाली ठेवलंत, उठलात, सगळ्यात खालच्या फळीपाशी बसलात आणि एक पातळसं पुस्तक काढून माझ्या हातात दिलंत. म्हणालात, ‘हे न्या. फक्त एक करा. वाचून झाल्यावर काही विचारू नका.’

ताई, तुमच्या हाताखालून हजारो पुस्तकं जातात. तुम्हाला ते आठवावं म्हणून पुन्हा सांगतो. अस्वलाचं पिल्लू खारीचा लाल पतंग न विचारता घेतं. पतंग फांदीत अडकून फाटतो. पिल्लू तो घरी आणून पलंगाखाली सरकवतं. पुढे मजकूर अगदी साधा आहे: अस्वल जेवलं, अस्वलानं दात घासले, अस्वल झोपायला गेलं. पश्चात्ताप, अपराध, खोटं, यातला एकही शब्द पुस्तकात नाही. मी वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, ताईंनी चुकून भलतंच पुस्तक दिलं वाटतं.

वाचून झालं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून तोंड मिटून बसलो. ते किती जड गेलं! ‘मग, काय शिकलो’ ओठांवर आलेलं होतं. लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न येतोय का, याचा अंदाज घेत असावी. तो येत नाही म्हटल्यावर तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि उलटी पानं चाळायला सुरुवात केली. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, ‘बाबा, इथे नव्हतं. इथे थोडंसं आहे. आणि इथे बघ केवढं!’

पतंगाचं शेपूट. पलंगाखालून बाहेर आलेलं. जेवणाच्या पानावर बोटभर, दात घासतानाच्या पानावर दारापर्यंत, झोपेच्या पानावर जिन्याच्या पायऱ्या उतरत गेलेलं. अस्वल प्रत्येक चित्रात शेपटाकडे पाठ करून होतं आणि त्याची पाठ पानागणिक लहान होत चालली होती. मी सगळं पुस्तक मोठ्यानं वाचलं होतं आणि यातलं मला काहीही दिसलं नव्हतं.

नंतर मी याविषयी जमेल तसं वाचलं. लहान मुलांना पुस्तक वाचून दाखवताना त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणारे अभ्यास झाले आहेत. मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर असते, अक्षरांकडे ती फारशी जात नाही. आपण ओळी वाचत असतो तेव्हा ती शेजारी बसून दुसरंच पुस्तक वाचत असतात, आणि गोष्टीचा मोठा भाग त्या दुसऱ्या पुस्तकात असतो. तुम्हाला हे अर्थातच माहीत होतं. मला ते माझ्या लेकीच्या बोटामुळे कळलं, आणि ते बोट तिथवर पोचलं तुमच्या त्या एका वाक्यामुळे.

पुढच्या शनिवारी मी शेपटाचं सांगायला आलो, तेव्हा तुम्ही मला खुर्ची दिलीत. रांग नव्हती. चित्रपुस्तक बांधतात कसं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे, म्हणून बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची. त्यातून शीर्षक आणि प्रकाशनाचा मजकूर वजा केला की गोष्ट सांगायला समोरासमोरच्या पानांच्या बारा-चौदा जोड्या उरतात. एवढ्या जागेत उपदेश करत बसायला वेळच नसतो, असं तुम्ही म्हणालात. आणि पान उलटण्याचं सांगितलंत. उजव्या पानाच्या शेवटी गोष्ट मुद्दाम अडवून ठेवलेली असते, पुढे काय होणार ते पान उलटल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ते पान मुलाच्या हातानंच उलटू द्यावं. तोवर पानं मी उलटत होतो, आणि झोपायला उशीर होतोय म्हणून भराभर उलटत होतो.

मग तुम्ही मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ माझ्यापुढे उघडलंत. १९६३ सालचं पुस्तक. दंगा करणाऱ्या मुलाला आई उपाशी झोपायला पाठवते आणि त्याच्या खोलीत जंगल उगवतं, एवढी गोष्ट मला ऐकून ठाऊक होती. तुम्ही मला फक्त चित्रांचे आकार बघायला लावलेत. सुरुवातीला कोऱ्या पानाच्या मधोमध छोटंसं चित्र. मुलाचा राग जसा वाढतो तसं चित्र पसरत जातं, समास खाऊन टाकतं, आणि मधे सलग तीन वेळा दोन्ही पानं भरून नुसती चित्रं येतात, शब्द एकही नाही. नंतर तो परत येतो. खोलीत त्याचं जेवण वाढून ठेवलेलं असतं. शेवटच्या पानावर चित्रच नाही, जेवण अजून गरम होतं एवढंच सांगणारे मोजके शब्द आहेत. ‘आई माफ करते असं कुठे लिहिलंय, दाखवा,’ तुम्ही म्हणालात. ती आई तर एकाही चित्रात दिसत नाही. मी ते शेवटचं पान किती वेळ बघत राहिलो, मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य छापलेलं चित्रपुस्तक मी घरी आणत नाही. ती चौकट मुलासाठी नसते, असं माझं ठाम मत झालंय. ती विकत घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी असते, पैसे वाया गेले नाहीत याची पावती म्हणून. मूल जे स्वतः शोधून काढणार असतं ते चौकट आधीच सांगून टाकते, आणि मग त्याला करायला काही उरत नाही.

खोटं बोलण्याबद्दलचा एक अभ्यास मला पुढे सापडला. २०१४ साली प्रसिद्ध झालेला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या आणि नंतर ती खरं बोलतात का ते पाहिलं. लांडग्याची खोटी हाळी देणाऱ्या मुलाची आणि नाक लांब होणाऱ्या बाहुल्याची, म्हणजे खोट्याला शिक्षा देणाऱ्या दोन्ही गोष्टींचा मुलांच्या खरेपणावर परिणाम दिसला नाही. झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांनी जवळ केलेल्या मुलाच्या गोष्टीचा मात्र झाला. मी घरी आणलेली सगळी पुस्तकं पहिल्या जातीची होती. त्यात खोटं बोलणारा पकडला जायचा, सगळ्यांसमोर त्याची मान खाली जायची आणि पुस्तक संपायचं. माझी लेक भिंतीकडे तोंड करत होती ती बरोबर करत होती.

अर्थात कुठलंही मऊ, गोंडस पुस्तक चालतं असंही नाही, हे तुम्हीच सांगत असता. नुसती प्राण्यांचीच नेऊ नका, माणसांच्या मुलांचीही न्या, असा तुमचा आग्रह असतो. त्यालाही आधार आहे: २०१७ सालच्या एका अभ्यासात, वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या चित्रांसह ऐकलेल्या मुलांनी नंतर आपल्याकडचं जास्त वाटलं, तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. मग आमच्याकडे अस्वल का चाललं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, त्या चित्रकारानं अस्वलाला मुलांसारखं वागवलंय. झोपेच्या पानावर ते पांघरूण नाकापर्यंत ओढून डोळे उघडे ठेवून पडलंय. माझी लेक तशीच पडते.

आम्ही ते पुस्तक सलग एकोणीस रात्री वाचलं. मला कंटाळा येत होता, खरं सांगतो. तुम्ही धीर दिलात की एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागणारं मूल अडकून पडलेलं नसतं, ते अजून त्यात काही शोधत असतं. तीन वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या एका प्रयोगातही, वेगवेगळ्या गोष्टी ऐकलेल्या मुलांपेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांच्या नवे शब्द जास्त चांगले लक्षात राहिले, असं मी वाचलं. आमच्याकडे बाराव्या-तेराव्या रात्री तिला खिडकीत खार दिसली. आधीपासून तिथेच बसलेली, शेपूट बघत असलेली. ‘तिला माहितीये,’ लेक म्हणाली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोललो नाही. तोवर मला ते जमायला लागलं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. तुम्हाला हे मी कधीच सांगितलेलं नाही.

चार-पाच महिन्यांनंतरची गोष्ट. सकाळी माझा चश्मा सापडेना. ऑफिसला उशीर होत होता. लेकीला विचारलं, तर ती ‘मला नाही माहीत’ म्हणाली आणि पायाकडे बघत राहिली. मला चेहऱ्यावरून कळलं. तो जुना आवाज घशापर्यंत आला होता. तसाच गिळला आणि जुना चश्मा लावून निघून गेलो. दिवसभर वाटत होतं, चुकलं का आपलं, विचारायला हवं होतं का.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होतो. ती दारात येऊन उभी राहिली. एक हात पाठीमागे. आत येईना, जाईना. मी घड्या घालत राहिलो. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘बाबा, शेपूट बाहेर आलंय.’

हात पुढे केला. तळहातावर चश्मा, एक काडी निखळलेली.

ताई, माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. ‘खोटं बोलायचं नाही’ हे वाक्य तिला मी वर्षभर पाठ करून घेतलं होतं आणि ते तिच्या एकदाही कामी आलं नव्हतं. आत जे टोचत होतं त्याला तिच्याकडे नाव नव्हतं, पण चित्र होतं. त्या चित्राला धरून ती दारापर्यंत आली. मी तिला जवळ घेतलं, सांगितलंस ते फार बरं झालं म्हणालो, आणि आम्ही दोघांनी चिकटपट्टी शोधली. पुस्तकाच्या शेवटी अस्वल आणि खार जमिनीवर बसून पतंग चिकटवतात, त्या पानावर शब्द नाहीत. आम्हीही जमिनीवरच बसलो होतो. हे माझ्या रात्री उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर ती खोटं बोलली नाही असं नाही. बोलते, तिच्या वयाची मुलं बोलतात तशी. पण आमच्या घरात आता त्यासाठी एक शब्द आहे, आणि तो मीही वापरतो. मागे एकदा मी तिला दिलेलं वचन विसरलो आणि कामाची सबब सांगितली. थोड्या वेळानं तिच्याकडे जाऊन म्हणालो, ‘माझं शेपूट दिसतंय.’ तिनं मान डोलावली. तिला ते आधीच दिसलं होतं.

तुम्ही त्या दिवशी मला खोटं बोलण्यावरचं पुस्तक देऊ शकला असतात. तुमच्या फळीवर ती पुष्कळ होती, मी नंतर पाहिली. मागणी तशीच होती, रांग होती, मी घाईत होतो. तरी तुम्ही उठलात आणि फळीपाशी बसून ते दुसरं पुस्तक शोधलंत, याबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे.

अस्वलाचं पुस्तक सध्या पुन्हा आमच्याकडेच आहे. त्यातलं जिन्याचं पान परवा लेकीच्या हातून फाटलं. तिनं आतल्या बाजूनं चिकटपट्टी लावली आहे, थोडी वाकडी, शेपटाच्या लाल रंगावरून गेलेली. मी तुम्हाला फोन करून सांगणार होतो, पण तिनं करू दिला नाही. शनिवारी ती स्वतः येणार आहे. टेबल तिला अजून जरा उंच पडतं, तेव्हा तुम्हाला आधी पुस्तकच दिसेल. मी मागे उभा असेन.

आपला नम्र,
बालविभागातल्या एका वाचकाचा बाबा