गाभण मांजरीला खाऊ घालावे की नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या कोथरूडमधील गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळात गेल्या काही आठवड्यांपासून एक करड्या-पांढऱ्या रंगाची भटकी मांजर वावरते आहे. तिचे पोट सुटलेले दिसू लागताच रहिवाशांमध्ये दोन तट पडले. ‘आत्ता खाऊ घातले तर ती इथेच व्यायेल आणि मग पिल्लांचा सुळसुळाट होईल,’ असे काहींचे म्हणणे, तर काही जण जिन्याखाली गुपचूप दूध-पोळी ठेवून येतात. असे वाद पुण्या-मुंबईच्या बहुतेक संस्थांमध्ये होत असल्याने या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच स्पष्ट करतो: अशा मांजरीला अवश्य खाऊ घालावे, मात्र जो खाऊ घालील त्याने तिच्या नसबंदीपर्यंतची जबाबदारीही घ्यावी आणि संस्थेने त्याला त्यात साथ द्यावी.

मांजर खरोखर गाभण आहे का, हे प्रथम पाहावे. पोटातील जंतांमुळे किंवा एखाद्या आजारात पोटात पाणी साठल्यानेही पोट फुगते. मात्र तेव्हा पाठीचा कणा आणि बरगड्या हाताला लागतात, अंगावरचा केस निस्तेज होतो आणि मांजर मलूल दिसते. गाभण मांजरीची स्तनाग्रे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून गुलाबी होऊन वर उठतात आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास पोट दोन्ही कुशींना गोलाकार दिसू लागते. आमची मांजर पूर्वी कुंपणाच्या भिंतीवर एका उडीत चढत असे. आता ती भिंतीखाली क्षणभर थांबते, वर पाहते आणि फाटकाकडून वळसा घालून जाते. कानही नीट पाहावा. नसबंदी झालेल्या भटक्या मांजराच्या एका कानाचे टोक बहुधा भूल असतानाच सरळ रेषेत कापलेले असते, आणि तशी खूण असेल तर सुटलेल्या पोटाचे कारण आजारात शोधावे लागेल. शिवाय ती शेजारच्या इमारतीतील कोणाची पाळलेली मांजर तर नाही ना, याची चौकशी करणेही अगत्याचे आहे. इतके करूनही खात्री झाली नाही, तर ‘कदाचित गाभण असेल’ या शंकेचा फायदा मांजरीलाच द्यावा. ती गाभण नसली तरी भुकेली असू शकते, आणि आजारी असली तरी तिला पकडून डॉक्टरांकडे नेण्याचा मार्ग खाण्यावरूनच जातो.

अन्न बंद केल्याने मांजर निघून जाईल, ही समजूत मला पटत नाही. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, म्हणजे सुमारे 63 ते 65 दिवसांचा असतो. पोट दिसू लागेपर्यंत त्यातले निम्म्याहून अधिक दिवस संपलेले असतात. आपण वाटी उचलून घेतली म्हणून तिचे बाळंतपण टळत नाही. ती कचऱ्याच्या डब्यावर आणि उंदरांवर गुजराण करते आणि कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही अशा ठिकाणी, डक्टमध्ये, मीटरच्या खोलीत किंवा उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनाशेजारी पिल्ले घालते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जागा निर्धोक वाटली नाही, की ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. पावसाच्या दिवसांत या हलवाहलवीत काही पिल्ले दगावतात. जी वाचतात ती माणसाच्या सहवासाविना वाढून बुजरी होतात, आणि चार-सहा महिन्यांची झाली की त्यांच्यातल्या माद्या स्वतः माजावर येतात. ज्या सुळसुळाटाची भीती घातली जाते, तो असा दुर्लक्षातून वाढतो.

याउलट रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी खाऊ मिळाला, की मांजर त्या वेळेला हजर राहू लागते. तिची प्रकृती डोळ्यांखाली राहते, ती व्यायली की पोट उतरल्याने ते लगेच कळते, पिल्ले कुठे आहेत याचा माग लागतो आणि पुढे पिंजऱ्यात शिरायला तिला तेच खाणे प्रवृत्त करते. अनोळखी, उपाशी आणि बिथरलेली मांजर पकडणे किती अवघड असते, हे ज्यांनी एकदा प्रयत्न केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

काय खाऊ घालावे, याबाबत आपल्याकडे फार गैरसमज आहेत. दूध-पोळी मायेने दिली जाते, पण बहुतेक मोठ्या मांजरांना गाईम्हशीचे दूध पचत नाही आणि हगवण लागते. गाभण मांजरीला तर ती फारच अशक्त करते. मांजर मूलतः मांसाहारी प्राणी असल्याने तिला मांस-मासळीतून मिळणारी पोषकद्रव्ये लागतातच. हळद-मीठ-तिखट न घालता उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी किंवा काटे काढलेला शिजवलेला मासा, नाहीतर पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य द्यावे. त्या खाद्यात उष्मांक अधिक असल्याने ते गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या मांजरीलाही मानवते. कांदा-लसूण मांजरांना विषारी असल्याने घरातला उरलेला रस्सा कधीही देऊ नये. दिवस भरत आले की पोटात जागा उरत नाही, म्हणून थोडे थोडे, दोन-तीन वेळा द्यावे. स्वच्छ पाण्याची वाटी मात्र कायम असावी.

शाकाहारी कुटुंबांना घरात मांस शिजवणे शक्य नसते, याची मला जाणीव आहे. तयार खाद्याची पिशवी हा त्यांच्यासाठी मार्ग आहे.

आक्षेप घेणाऱ्या शेजाऱ्यांना निर्दय ठरवणे मला मान्य नाही. दुचाकीच्या आसनावर ओरखडे पडतात, डक्टमध्ये घाण वास येतो, सांडलेल्या अन्नावर मुंग्या आणि उंदीर येतात. या तक्रारी खऱ्या आहेत. अर्ध्या तासाने वाटी उचलून जागा पुसून घेणे, हे खाऊ घालणाऱ्याचेच काम आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 यांनीही रहिवासी संस्थेवर परिसरातील प्राण्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी टाकली आहे. ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असावी आणि तेथे अस्वच्छता होऊ नये, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा जिन्याखाली वाटी ठेवणे चुकीचे, आणि सरसकट बंदीची पाटी लावणेही चुकीचे. इमारतीत कोणी गरोदर स्त्री असेल, तर मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची चिंता रास्त आहे. मात्र हा संसर्ग अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेल्या भाज्या आणि दूषित माती यांतूनही होतो. अशा स्त्रीने मांजराची घाण साफ करू नये, कुंड्यांमधील मातीला हातमोज्यांशिवाय हात लावू नये आणि हात साबणाने धुवावेत, एवढी काळजी पुरेशी आहे. मांजर आवारातून हाकलण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

नसबंदी केव्हा करावी, हा यातला सर्वांत कठीण भाग. गर्भ अगदी लहान असताना शस्त्रक्रिया करता येते, पण त्यात गर्भही जातो, आणि अनेकांना ते सहन होत नाही. माझ्या मते हा निर्णय मांजरीला प्रत्यक्ष तपासणाऱ्या पशुवैद्यकांवर सोपवावा. दिवस भरत आलेल्या मांजरीला मात्र पकडण्याची धडपड करू नये. तिला शांतपणे व्यायू द्यावे, कोपऱ्यात जुनी गोधडी घातलेला एक खोका ठेवावा आणि पिल्लांना सुरुवातीला हात लावू नये. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाच्या सहवासात आलेली पिल्ले माणसाळतात, आणि आठव्या आठवड्यानंतर त्यांना चांगली घरे शोधता येतात. पिल्ले तोडली, की आईची नसबंदी करून घेण्यात एक दिवसही दवडू नये, कारण पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले पोत्यात भरून मंडईजवळ सोडून देणे हा उपाय नव्हे. ती क्रूरता आहे, आणि प्राण्याला जिवे मारणे किंवा जायबंदी करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार गुन्हा आहे.

आता अडचण राहते ती माहितीची. कुत्र्यांच्या नसबंदीविषयी बरेच लिहिले-बोलले जाते, परंतु भटकी मांजर नेमकी कुठे न्यावी, पिंजरा कोणाकडून मिळेल, खर्च किती येईल आणि शस्त्रक्रियेनंतर तिला किती दिवस ठेवून घेतात, हे सामान्य नागरिकाला दहा ठिकाणी विचारावे लागते. महापालिकेने ही माहिती प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावी आणि आपल्या वृत्तपत्राने ती क्षेत्रनिहाय प्रसिद्ध करावी, अशी माझी विनंती आहे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी ती मिळाली, तर आमच्या संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी ती मांडणार आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे